आजीची ओवी ४८ हजारांतून ८ हजारांत: आवाजाचा सॅम्पल रेट बदलताना नेमकं काय हरवतं?

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात वालूर नावाचं गाव आहे. जुन्या बारवांसाठी ते ओळखलं जातं. त्यातल्या एका बारवेच्या पायऱ्या गोल गोल फिरत तळाशी उतरतात, म्हणून लोक तिला चक्रव्यूह बारव म्हणतात.

समजा, याच गावातल्या एखाद्या मुलीने आपल्या आजीला जात्यावर बसवलं आणि तिच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. तासाभराची फाइल साडेतीनशे एमबीची झाली. पुण्याच्या मामाला पाठवायची तर कशी पाठवायची? कुणीतरी सुचवलं, 'सॅम्पल रेट कमी कर, फाइल लहान होईल.' फाइल बदलून देणाऱ्या ॲपमध्ये आकड्यांची रांग आली: ४८०००, ४४१००, ३२०००, २२०५०, १६०००, ८०००. तिने शेवटचा आकडा निवडला. फाइल सहापट लहान झाली, मामाला पोचली, आजीचा आवाजही ओळखू आला. फोनची मेमरी भरत आली होती म्हणून मूळ फाइल उडवली.

पुढे कधीतरी हेडफोन लावून ऐकताना लक्षात येतं की बांगड्यांची किणकिण गेली आहे. 'सेलू'मधला 'स' धड 'स' वाटत नाही. मग तीच फाइल पुन्हा ४८००० वर नेली, तर आकार पूर्वीएवढा होतो. किणकिण मात्र परत येत नाही.

असं का होतं? आकडा खाली नेला की काय जातं, वर नेला की का येत नाही, आणि आकडा बदलणं मुळात कधी आवश्यक असतं? हे समजायला वालूरची बारवच मदतीला येते.

बारवेतलं पाणी आणि आवाजाची लहर

आवाज म्हणजे हवेच्या दाबात होणारा चढउतार. मायक्रोफोन त्या चढउताराचं विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. संगणकाला मात्र सलग लहर साठवता येत नाही, त्याला आकडेच लागतात. म्हणून तो ठरावीक अंतराने लहरीची उंची मोजून लिहून ठेवतो. अशा प्रत्येक मोजणीला सॅम्पल म्हणजे नमुना म्हणतात, आणि एका सेकंदात किती वेळा मोजलं तो सॅम्पल रेट. ४८००० हर्ट्झ, म्हणजे ४८ किलोहर्ट्झ, याचा अर्थ सेकंदाला ४८,००० मोजण्या.

आता बारवेकडे बघू. पावसाळ्यात पाणी वर चढतं, उन्हाळ्यात तळाला जातं. वर्षाला एक लहर. कुणी दरवर्षी फक्त नागपंचमीला पातळी मोजून वहीत लिहिली, तर वही काय सांगेल? पाणी जवळजवळ स्थिर आहे! उन्हाळ्यातली तूट वहीत उमटतच नाही. वर्षातून एकदा मोजून वर्षाची लहर पकडता येत नाही. लहर पकडायची तर तिच्या एका फेऱ्यात दोनपेक्षा जास्त वेळा मोजावं लागतं. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतं. त्यात वर्षाचा चढउतार नीट सापडतो.

आवाजाचा नियमही हाच. अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या संशोधनातून तो पुढे आला. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तारायंत्राच्या संदर्भात त्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये तो काटेकोर गणितात मांडला: सॅम्पल रेटच्या निम्म्यापेक्षा कमी वारंवारतेचे आवाजच त्या मोजणीत टिकतात. ४८,००० मोजण्यांत २४,००० हर्ट्झच्या खालचं सगळं सामावतं. १६,००० मध्ये ८,००० पर्यंतचं आणि ८,००० मध्ये जेमतेम ४,००० पर्यंतचं.

तरुण, निरोगी कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. वय वाढतं तशी ही मर्यादा खाली येते. म्हणजे ४८,००० वर रेकॉर्ड केलेल्या फाइलमध्ये माणसाला ऐकू येणारं सगळं बसतं, वर थोडी जागाही उरते.

इथे एक गैरसमज लगेच दूर केलेला बरा. बऱ्याच ठिकाणी डिजिटल आवाजाचं चित्र पायऱ्यापायऱ्यांचं काढतात आणि सांगतात की सॅम्पल वाढवले की पायऱ्या बारीक होतात, आवाज 'गुळगुळीत' होतो. हे चित्र चुकीचं आहे. पायऱ्या बारवेला असतात. पाण्याच्या लहरीला नसतात. मोजण्या हे नुसते बिंदू आहेत, आणि शॅनन यांच्या गणिताचं सार असं की ठरलेल्या मर्यादेखालची एकच एक लहर त्या सगळ्या बिंदूंतून जाऊ शकते. फोनमधला वा साउंडकार्डमधला भाग तीच सलग लहर पुन्हा उभी करतो. म्हणून ४८,००० वरून ९६,००० वर गेल्याने ऐकू येणारा आवाज आपोआप 'मऊ' होत नाही. फक्त २४,००० हर्ट्झच्या वरचे, कानाबाहेरचे आवाज साठवायला जागा होते.

खोटी लहर

बारवेची वही आणखी एक गंमत दाखवते. समजा, मोजणाऱ्याने दरवर्षी त्याच दिवशी मोजण्याऐवजी दर तेरा महिन्यांनी एकदा पातळी लिहिली. या वर्षी श्रावणात, पुढच्या खेपेला भाद्रपदात, मग आश्विनात... वहीत आकडे हळूहळू उतरत जातील, तळ गाठतील, पुन्हा हळूहळू चढतील. बारा नोंदी झाल्या की, म्हणजे तेरा वर्षांनी, पातळी पुन्हा मूळ जागी. वही बघणारा ठामपणे म्हणेल की या बारवेचं पाणी तेरा वर्षांच्या चक्राने चढतं-उतरतं. असं काही चक्र अस्तित्वातच नाही! एक वर्षाची खरी लहर विरळ मोजणीमुळे तेरा वर्षांच्या खोट्या लहरीचं सोंग घेऊन आली.

जुन्या चित्रपटात पळणाऱ्या टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात, तो याच प्रकारचा भास. कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं घेतो आणि चाकाच्या आऱ्या तेवढ्या चित्रांत नीट पकडता येणार नाहीत इतक्या भरभर पुढे जातात.

ध्वनितंत्रात याला एलियासिंग म्हणतात, आणि सॅम्पल रेट कमी करताना हाच खरा धोका असतो. ४८,००० वरून १६,००० वर यायचं तर गणित सोपं दिसतं: ४८ भागिले १६ म्हणजे ३, तेव्हा दर तीन सॅम्पलमधला एक ठेवायचा, दोन टाकायचे. झालं? नाही. आजीच्या बांगडीत १०,००० हर्ट्झचा नाद असेल, तर नव्या फाइलची मर्यादा आहे ८,०००. तो नाद गुपचूप निघून जात नाही. मर्यादेला आपटून उलटा फिरतो आणि ६,००० हर्ट्झवर उमटतो. जो आवाज त्या घरात झालाच नव्हता, तो रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो. बांगडी वर गेली की हा भुताटकीचा सूर खाली जातो. एकदा मिसळला की तो वेगळा काढता येत नाही, कारण खरे ६,००० हर्ट्झ आणि खोटे ६,००० हर्ट्झ आकड्यांत सारखेच दिसतात.

म्हणून चांगलं सॉफ्टवेअर आधी गाळणी लावतं. नव्या मर्यादेच्या वरचे सगळे आवाज काढून टाकतं आणि मगच सॅम्पल कमी करतं. १०,००० चा नाद तसाही जाणारच असतो. निदान जाताना घाण करून जात नाही. ही गाळणी किती तीक्ष्ण आहे, मर्यादेच्या जरा खालचं किती खाते आणि वरचं किती गळू देते, यावरच एका रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणि दुसऱ्यात फरक पडतो. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी सॉक्स रिसॅम्पलर नावाची पद्धत वापरतं, आणि तिचं काम इतकं स्वच्छ असतं की कानाला दोष सापडणं अवघड. कुठल्याही अनोळखी मोफत संकेतस्थळावर फाइल चढवून ती बदलून घेण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

४४,१०० हा विचित्र आकडा आला कुठून?

यादीतला ४४,१०० पाहून कुणालाही प्रश्न पडतो. ४४ हजार का नाही? ४५ हजार का नाही?

सत्तरच्या दशकात डिजिटल आवाज साठवायला पुरेशी मोठी साधनं नव्हती. व्हिडिओ टेप मात्र होती. तेव्हा आवाजाचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात व्हिडिओच्या चित्रात लिहायची युक्ती निघाली. अमेरिका आणि जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० चित्रार्ध, प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ रेषा, प्रत्येक रेषेत तीन सॅम्पल: ६० × २४५ × ३ = ४४,१००. युरोपच्या पद्धतीत ५० चित्रार्ध, २९४ रेषा, तीन सॅम्पल: ५० × २९४ × ३ = पुन्हा ४४,१००. दोन्ही जगांत बसणारा आकडा म्हणून सोनी आणि फिलिप्सने तो १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीसाठी कायम केला. व्हिडिओ टेप घराघरांतून गेली, सीडीही चालली, आकडा राहिला.

चित्रपट आणि टीव्हीच्या जगाने ४८,००० उचलला, कारण त्याला सेकंदाच्या २४, २५ आणि ३० चित्रांनी नि:शेष भाग जातो. एका चित्राला अनुक्रमे २,०००, १,९२० आणि १,६०० सॅम्पल. आज मोबाइलचा व्हिडिओ ४८,००० वर असतो, जुन्या गाण्यांच्या सीडीवरून काढलेल्या फाइली ४४,१०० वर. आणि लग्नाच्या व्हिडिओला जुनं गाणं जोडायचं म्हटलं की या दोघांची गाठ पडतेच.

ही गाठ ४८ ते १६ इतकी सोपी नाही. दोन्ही आकड्यांना ३०० ने भागलं की उरतात १४७ आणि १६०, आणि त्यांना आणखी सामाईक भाजक नाही. म्हणजे जुन्या फाइलमधल्या दर १४७ सॅम्पलच्या जागी नवे १६० हवेत, आणि त्यातले बहुतेक जुन्या कुठल्याच सॅम्पलच्या जागी येत नाहीत. बारवेच्या भाषेत सांगायचं तर वहीत दर पौर्णिमेच्या नोंदी आहेत आणि सरकारी कार्यालयाला इंग्रजी महिन्याच्या एक तारखेची पातळी हवी आहे. उपाय एकच: नोंदींतून जाणारी सलग रेषा काढायची आणि हव्या त्या तारखेला तिची उंची वाचायची. सॉफ्टवेअर हेच करतं. फक्त दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ न मारता आजूबाजूच्या अनेक बिंदूंचा विचार करून खरी वळणदार लहर शोधतं. स्वस्तातली किंवा घाईतली ॲप सरळ रेघेवर भागवतात. मग उंच सूर थोडे बोथट होतात आणि बारीक खरखर येते.

याच ठिकाणी एक छोटी अडचण येते. खरी लहर दोन बिंदूंच्या मधोमध कधी कधी दोन्ही बिंदूंपेक्षा उंच चढते. मूळ रेकॉर्डिंग आधीच कमाल पातळीला टेकलेलं असेल, तर नवा बिंदू त्या उंचीवर पडतो आणि शेंडा कापला जातो. म्हणून रूपांतर करण्याआधी आवाज थोडा खाली घ्यावा.

बदल नव्हे, नुसती पाटी

आतापर्यंत झालं ते खरं रूपांतर. पण लोकांची जास्त फजिती दुसऱ्याच गोष्टीत होते. फाइलच्या सुरुवातीला काही बाइटमध्ये एक पाटी असते: 'या फाइलचा सॅम्पल रेट अमुक.' आतले आकडे तसेच ठेवून नुसती पाटी बदलली, तर?

४८,००० वर झालेल्या रेकॉर्डिंगवर ४४,१०० ची पाटी लागली, तर यंत्र तेच आकडे सावकाश वाचतं. तासाचं रेकॉर्डिंग ६५ मिनिटं १८ सेकंद चालतं आणि सूर सुमारे दीड अर्धस्वर उतरतो. आजीचा 'सा' शुद्ध निषाद आणि कोमल निषाद यांच्या मधे कुठेतरी जाऊन बसतो. उलट झालं तर तासाची ५५ मिनिटं होतात आणि आजी एकदम तरुण वाटू लागते. बोलण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ही चूक पटकन ध्यानात येत नाही. आवाज थोडा जड वाटतो इतकंच. पण कुणी पुढे त्यावरून ओवीची चाल लिहून काढली, तर पट्टी चुकीची, लय चुकीची.

ऑडॅसिटीमध्ये हे दोन पर्याय वेगवेगळ्या ठिकाणी आहेत आणि नावंही जवळची आहेत. ट्रॅकच्या डाव्या बाजूच्या यादीतला 'रेट' हा पाटी बदलतो. वरच्या 'ट्रॅक्स' यादीतला 'रिसॅम्पल' हा खरं रूपांतर करतो. आधीच चुकीची पाटी लागलेली फाइल दुरुस्त करायची तर पहिला उपयोगी. बाकी सगळ्या वेळी दुसरा. ओळखायची खूण सोपी आहे: खऱ्या रूपांतरानंतर फाइलचा कालावधी बदलत नाही.

आणखी एक गोंधळ 'बिटरेट'चा. सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला किती मोजण्या. बिटरेट म्हणजे सेकंदाला किती जागा. एमपी३ किंवा ओपससारख्या पद्धती सॅम्पल रेट तसाच ठेवूनही फाइल बरीच लहान करतात. वालूरच्या त्या मुलीला फाइल लहान करून पाठवायचीच होती, तर ४८,००० वरच ठेवून एमपी३ केली असती तरी मामाला मिळालेला आवाज ८,००० वाल्यापेक्षा पुष्कळ चांगला असता, आणि फाइल कदाचित आणखी लहान.

जातं, चारा आणि चार हजार हर्ट्झ

८,००० चा सॅम्पल रेट टाकाऊ आहे असं नाही. टेलिफोनचं जाळं दशकानुदशकं त्यावरच चाललं. पारंपरिक फोन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ इतकंच पलीकडे पाठवतो आणि तेवढ्यात माणूस ओळखू येतो, बोलणं समजतं. परभणी आकाशवाणी मध्यम लहरींवर ऐकलेल्या कानांनाही ही कोंडी सवयीची आहे. आपल्याकडे मध्यम लहरींची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला आवाजासाठी जेमतेम साडेचार किलोहर्ट्झ येतात.

समजतं, पण बरंचसं संदर्भाने समजतं. फोनवर कुणाला आडनाव सांगताना 'स, सशातला स' असं का म्हणावं लागतं? 'स'च्या उच्चारातली बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते. ती कापली की 'स' आणि 'फ' जवळ येतात. 'श' मात्र बराचसा खाली असतो, म्हणून तो तगून राहतो.

मराठीत तर याहून बारीक प्रकरण आहे. 'च' आणि 'ज' ही अक्षरं आपण दोन तऱ्हांनी उच्चारतो आणि एकाच तऱ्हेने लिहितो. 'चार' ही संख्या म्हणताना जीभ टाळूकडे जाते. गुरांचा 'चारा' म्हणताना दातांकडे. माणसाची 'जात' म्हणताना एक 'ज', आणि दळायचं 'जातं' म्हणताना दुसरा. दाताकडच्या उच्चारात घर्षणाचा आवाज जास्त उंच असतो, टाळूकडच्या उच्चारात तो खाली सरकतो. म्हणजे दोघांना वेगळं करणारी खूण मोठ्या प्रमाणात त्या ४,००० हर्ट्झच्या रेषेच्या वर आहे. देवनागरी हा फरक लिहीत नाही. तो टिकतो फक्त बोलण्यात आणि रेकॉर्डिंगमध्ये. आणि ८,००० वर आणलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तिथेही पुसट होतो.

हा नुसता भाषाशास्त्राचा छंद नाही. मराठी बोललेलं ओळखून लिहून देणारी यंत्रणा आवाज बहुधा १६,००० वर आणून घेते. ओपनएआयचं व्हिस्पर हे त्यातलं एक. १६,००० वर ८,००० हर्ट्झपर्यंतचं उरतं, त्यात 'जातं'चा 'ज' बऱ्यापैकी वाचतो. उलट मराठी बोलणारी यंत्रणा घडवायला वरची धारही लागते. गूगलने २०२० च्या सुमारास मराठीसह सहा भारतीय भाषांतली बोलण्याची रेकॉर्डिंग खुली केली, ती ४८,००० वर आहेत, आणि मराठीतली सगळी स्त्रियांच्या आवाजात. ४८,००० वरून १६,००० कधीही, अगदी क्षणात करता येतं. उलटा रस्ता नाही.

एकदाच झालेलं रेकॉर्डिंग

वालूरच्या मुलीचं उदाहरण कल्पित असलं, तरी परभणी जिल्ह्यात असं काम खरोखर झालेलं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून सहकाऱ्यांच्या मदतीने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक या दोन्हींचे फ्रेंच अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि ओव्यांचं ध्वनिमुद्रणही सुरू झालं. १९९६ मध्ये पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसमध्ये असं ध्वनिमुद्रण झालं. आज त्यातल्या अनेक ओव्या 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. जातं घरातून गेलं, गिरणी आली. ते आवाज पुन्हा रेकॉर्ड करता येणार नाहीत.

त्या काळात गावोगाव फिरून काम करणाऱ्यांचं आवडतं यंत्र होतं डॅट, म्हणजे डिजिटल ध्वनिफीत. सोनीने १९८७ मध्ये ते आणलं. त्यावर ३२,०००, ४४,१०० आणि ४८,००० असे तीन दर चालत. अशा फितीवरून आज फाइल काढताना पहिला प्रश्न हाच असतो की फीत कोणत्या दरावर भरली होती. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सल्ला सरळ आहे: कॅसेट किंवा स्पूलसारखी जुनी फीत डिजिटल करायची असेल तर किमान ४८,००० हर्ट्झ आणि २४ बिट, आणि जे मुळातच डिजिटल आहे, ते ज्या दरावर आहे त्याच दरावर उतरवून ठेवायचं. ३२,००० ची डॅट असेल तर मूळ प्रत ३२,००० चीच. तिला ४८,००० ची करून 'सुधारायचं' नाही. ऐकण्यासाठी हवी तर वेगळी प्रत काढायची.

घरच्या रेकॉर्डिंगलाही हेच लागू होतं. फोनच्या रेकॉर्डरमध्ये सोय असेल तर डब्ल्यूएव्ही आणि ४८,००० निवडावं. एका चॅनेलचा, १६ बिटांचा एक तास ३४५.६ एमबी होतो. पेनड्राइव्हवर आजीची दहा तासांची गाणी सहज मावतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर व्हॉइस मेसेज म्हणून नव्हे, 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावं. मग फाइल जशी आहे तशी पोचते. व्हॉइस मेसेज ओपस पद्धतीने बराच आक्रसून जातो. निरोपाला ते ठीक आहे. लहान प्रत हवीच असेल तर ती दर वेळी मूळ फाइलवरून काढावी, प्रतीवरून प्रत नव्हे. आणि फाइलच्या नावातच दर लिहून ठेवावा: 'आजी-ओव्या-मूळ-४८०००', 'आजी-ओव्या-ऐकण्यासाठी-१६०००'. दोन वर्षांनी कोणती मूळ आणि कोणती प्रत हे आकारावरून ओळखता येत नाही, कारण कुणीतरी मधे ८,००० ची पुन्हा ४८,००० केलेली असू शकते. शंका आली तर ऑडॅसिटीमध्ये ट्रॅक 'स्पेक्ट्रोग्रॅम' रूपात बघावा. ४८,००० म्हणवणाऱ्या फाइलमध्ये ४,००० हर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखा सलग काळोख दिसला, तर ती एकदा खाली जाऊन आलेली आहे.

आणि ज्यांच्याकडे फक्त ८,००० चीच प्रत उरली आहे, किंवा फोनवर बोलताना झालेलं रेकॉर्डिंग हाच घरातल्या माणसाचा एकमेव आवाज आहे, त्यांनी काय करायचं? ती फाइल आहे त्याच दरावर जपायची. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची काही साधनं अशा आवाजाला वरचा भाग जोडून देतात आणि ऐकायला तो खरंच मोकळा वाटतो. पण तो वरचा भाग इतर हजारो माणसांच्या आवाजांवरून बांधलेला अंदाज असतो. आजीने 'जातं' दाताने म्हटलं होतं की तिच्या गावच्या ढंगाने वेगळंच काही, हे त्या साधनाला माहीत नसतं. ते आपल्याला वाटेल तो 'ज' तिथे बसवतं. तशी फाइल करून ऐकावी, नातवंडांना ऐकवावी, फक्त तिच्या नावात 'वरचा आवाज यंत्राने भरला' असं लिहावं आणि ८,००० वाली मूळ फाइल तिच्या शेजारीच ठेवावी.